‘एमजीबी’च्या इंजिनाची पुनर्बांधणी : जुन्या लोखंडाला नवे आयुष्य

ब्रिटनच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही जगातील सर्वाधिक लोकप्रिय स्पोर्ट्स कारपैकी एक मानली जाते. रोडस्टर आणि जीटी या दोन्ही प्रकारांत मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांतील अनेक गाड्या आजही धावत आहेत. याचे मोठे श्रेय तिच्या साध्या, दणकट आणि पुन्हा पुन्हा बांधता येणाऱ्या इंजिनाला द्यावे लागेल.

इंजिनाची ओळख

‘बी-सीरिज’ कुळातील हे चार सिलिंडरचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे आहे. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिलिमीटर, तर पिस्टनचा प्रवास ८८.९ मिलिमीटर. दोन एसयू कार्ब्युरेटरच्या साह्याने आरंभीच्या गाड्यांना सुमारे ९५ अश्वशक्ती मिळत असे. सुरुवातीला क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगवर फिरत होता. १९६४ च्या अखेरीस ती संख्या पाच झाली.

भारतीय वाचकांना हे कुळ अनोळखी नाही. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या ॲम्बॅसॅडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. पिस्टनचा प्रवासही तितकाच, ८८.९ मिलिमीटर, मात्र सिलिंडरचा व्यास कमी असल्याने पिस्टन एकमेकांत चालत नाहीत.

उघडण्यापूर्वी निदान

एक्झॉस्टमधून निळसर धूर, ऑइलचा वाढता खप, चढावर दम तोडणे ही झिजेची लक्षणे होत. तरीही इंजिन लगेच उतरवू नये, असाच जाणकारांचा सल्ला असतो. आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले जाते. एखाद्या सिलिंडरमध्ये ते कमी भरल्यास आत थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंग वा बोअरचा. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. गरम इंजिनात, गाडी वेगात असताना ऑइलचा दाब साधारण ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच अपेक्षित असतो. तो सातत्याने खूपच कमी राहिला, तर बेअरिंगची झीज संभवते. केवळ हेड उतरवून भागत असेल, तर संपूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च वाचतो.

निर्णयाची जागा : लेथ

इंजिन सुटे झाल्यावर ब्लॉक धुऊन ऑइलचे सर्व मार्ग मोकळे केले जातात. त्यानंतरचे काम मोजमापाचे. बोअर झिजून अंडाकृती झाले असतील, तर ते मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन बसवितात. ही मापे २०, ३०, ४० ‘थाऊ’, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, असतात. क्रँकशाफ्टचे जर्नलही याच रीतीने घासून त्या मापाची बेअरिंग बसविली जातात.

येथेच खरी जोखीम असते. घासलेले लोखंड परत येत नाही. मूळ क्रमांकाचा ब्लॉक असलेल्या गाडीचे संग्राहकांत वेगळे मोल असते. म्हणून आवश्यक तेवढेच घासणे आणि पुढच्या पिढीच्या दुरुस्तीला वाव ठेवणे, हे शहाणपणाचे ठरते. मर्यादा ओलांडली गेल्यास सिलिंडरला स्लीव्ह बसवून ब्लॉक वाचविता येतो. परंतु खर्च वाढतो. पिस्टन हाती आल्यावर, ते प्रत्यक्ष मोजूनच बोअर करावे, हा दंडकही त्यासाठीच आहे.

शिशाविना पेट्रोल

या इंजिनाची रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. २००० साली ब्रिटनमध्ये आणि भारतातही शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. तेव्हापासून हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसविणे हा पुनर्बांधणीचा जवळपास अनिवार्य भाग झाला आहे. त्यापूर्वी हेडला तडे नाहीत ना, याची तपासणी आवश्यक ठरते. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा निकासमार्ग सामाईक असल्याने त्या भागावर उष्णतेचा ताण अधिक पडतो.

जुळवणी

प्रत्येक बेअरिंगला ऑइल लावून क्रँकशाफ्ट बसविला जातो. एक टोपी आवळावी, क्रँक हाताने फिरवून पाहावा, मगच पुढची टोपी घ्यावी, हा क्रम चुकल्यास अडकणारे बेअरिंग नेमके कोणते, हे कळत नाही. टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणल्या जातात. हेडचे नट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, ४५ ते ५० पौंड-फूट इतके आवळले जातात.

टॅपेटचे अंतर सर्वसाधारणपणे १५ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, ठेवतात. त्यासाठी मेकॅनिक ‘नऊचा नियम’ वापरतात : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याचे अंतर जुळवायचे, सातवा उघडा असताना दुसऱ्याचे. बेरीज नेहमी नऊ.

पहिली वीस मिनिटे

नव्या इंजिनाचे भवितव्य पहिल्या सुरुवातीवर अवलंबून असते. स्पार्क प्लग काढून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरविले जाते. कॅमशाफ्ट नवा असल्यास, सुरू झाल्याबरोबर इंजिन सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवतात. मंद गतीवर कॅमला पुरेसे ऑइल मिळत नाही व त्याचे उंचवटे काही मिनिटांतच घासले जाऊ शकतात. याच कारणासाठी जस्तयुक्त घटक पुरेसे असलेले ऑइल वापरले जाते. त्यानंतर हेडचे नट व टॅपेट पुन्हा तपासले जातात आणि काहीशे मैलांनंतर ऑइल बदलले जाते.

इंधनाचे नवे आव्हानही दुर्लक्षिता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचा प्रसार झाला. इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचे रबर खराब होते. त्यामुळे इंजिन कितीही निगुतीने बांधले, तरी पेट्रोलच्या नळ्या व कार्ब्युरेटरची सील इथेनॉल सोसणारी नसतील, तर गळती आणि त्यातून आगीचा धोका कायम राहतो. पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकात हा लहानसा खर्च म्हणूनच अग्रभागी असावयास हवा.