नाव झाकून पाठवलेली गोष्ट

दिवा-रोहा गाडीत इअरफोन लावून बसला असाल, तर एक-दोन स्टेशनं जाईपर्यंत हा भाग संपेल. आजचा प्रश्न साधा आहे. तुम्हाला विज्ञानकथा लिहायचीय, पण राहता पेणला किंवा रोह्याला. एकही संपादक ओळखीचा नाही. अशा नवख्या माणसाला आत घेतं कोण?

आधी जाऊया न्यूयॉर्कला. जुलै १९३९. विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन. जेमतेम दोनेकशे माणसं. त्यात १८ वर्षांचा रे ब्रॅडबरी होता. उसने पैसे घेऊन तो लॉस एंजेलिसहून बसने आला होता. स्वतःची कथा अजून विकली गेली नव्हती, पण हॅनेस बॉक या मित्राची चित्रं बरोबर आणली होती. ती त्याने संपादकांना दाखवली आणि बॉकला काम मिळालं. संमेलनाचा उपयोग हा असा असतो. एरवी पत्रालाही उत्तर न देणारा माणूस तिथे समोर उभा असतो.

पण त्याच दारात सहा पोरांना अडवलं गेलं! कारण काय, तर चाहत्यांच्या दोन गटांतलं भांडण. त्या सहांपैकी फ्रेडरिक पोल पुढे मोठा लेखक आणि संपादक झाला. म्हणजे दारावर माणसं उभी असली, की ओळखही आली आणि हेवेदावेही आले.

आता आपल्याकडे या. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९७० पासून तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक: नारायण विनायक जगताप. हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं.

आता आद्याक्षरं उलटी वाचा. ना. वि. ज. चं होतं ज. वि. ना. जयंत विष्णु नारळीकर! वय पस्तिशीचं, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेलं, देशभर नाव. अहमदाबादच्या एका परिषदेत भाषण कंटाळवाणं झालं, म्हणून त्यांनी समोरच्या कागदावर ही गोष्ट लिहायला घेतली होती. पाठवताना नाव बदललंच, शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली.

एवढा खटाटोप कशासाठी? खऱ्या नावाने बक्षीस मिळालं असतं, तर ते गोष्टीला मिळालं की पद्मभूषणला, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसतं. पेणच्या कारखान्यात गणपती बघायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं? डोळ्यांची आखणी बघतं आणि मूर्ती पसंत करतं. आखणी कोणी केली, हे सहसा विचारतही नाही. नारळीकरांना तशी नजर हवी होती.

यातली गंमत अशी, की ज्या दारातून नारळीकर नाव लपवून गेले, त्याच दारातून नाव नसलेला माणूसही जाऊ शकत होता. परीक्षकांना तर ‘जगताप’ नवखाच वाटला होता ना! नवख्या जगतापला पहिलं बक्षीस मिळू शकतं, हे त्या निकालाने सिद्ध केलं. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले.

मग संमेलनाला जायचंच नाही का? जा की! तिथे सोबती मिळतात, वाचक मिळतात, बॉकसारखं एखाद्याचं कामही होऊन जातं. पण जाताना पिशवीत लिहून पूर्ण झालेली एक गोष्ट असू द्या. आणि ती चांगली आहे की नाही, हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर वरचं नाव झाकून एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या. भेटू पुढच्या भागात!