चित्राला वाचा देणारे

बोईसर स्टेशनानजीकचें सालवड हें गांव आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या गराड्यांत सांपडलें आहे. तेथून ईशान्येस, डहाणू-तलासरीच्या डोंगराळ मुलुखाकडे वळलें, कीं वारल्यांचे पाडे लागतात. कुडाच्या सारवलेल्या भिंती, त्यांवर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचीं पांढरीं चित्रें, हा या पाड्यांचा जुना शृंगार होय. या चित्रांची कीर्ति आतां परदेशांतहि पोंचली आहे. परंतु लग्नाच्या वेळीं भिंतीवर जो चौक काढतात, त्याची एक गोष्ट बाहेरच्या पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सवाशिणी चौक काढतात, त्यांत पालघट देवी येते, आणि मग धवलेरी गाऊं लागते. तिच्या गाण्यानें देवदेवतांना पाचारण होतें. नुसता चौक काढल्यानें काम भागत नाहीं. तो गाइलाहि जावा लागतो.

चित्र आणि वाणी यांची ही जोडी केवळ वारल्यांचीच नव्हे. जेथें जेथें मुलाबाळांस गोष्टी सांगितल्या गेल्या, तेथें तेथें ती कोणत्या ना कोणत्या रूपानें आढळते. इंग्लंड हा नाटकांचा आणि सचित्र बालपुस्तकांचा देश. तेथें या दोहोंचा संयोग मोठ्या गमतीच्या रीतीनें झाला. १८११ च्या सुमारास लंडनमधील विल्यम वेस्ट नांवाच्या दुकानदारानें त्या वेळीं रंगभूमीवर गाजत असलेल्या नाटकांतील नटांचीं चित्रें कागदावर छापून विकण्यास सुरुवात केली. साधा कागद एक पेनीस, रंगविलेला दोन पेन्यांस. मुलांनीं तीं चित्रें रंगवावीं, पुठ्ठ्यावर चिकटवून कापावीं, लहानशा कागदी रंगमंचावर तारेनें सरकवावीं, आणि सोबतच्या पुस्तिकेंतील भाषणें स्वतः म्हणावीं, असा तो खेळ होता. राजाहि तेंच मूल आणि दरोडेखोरहि तेंच! ‘दि मिलर अँड हिज मेन’ हें १८१३ सालचें नाटक या खेळांत सर्वांत लोकप्रिय ठरलें. त्याचें कारण उघड आहे: शेवटीं दरोडेखोरांची गिरणी स्फोटानें उडते, आणि असा शेवट कोणत्या मुलास आवडणार नाहीं?

पुढें रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यानें १८८४ सालीं या कागदी रंगभूमीवर एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें एक खरी गोष्ट मोकळेपणानें सांगितली आहे. चित्रें निवडून विकत घेण्यांत आणि रंगविण्यांत सारा आनंद; प्रत्यक्ष प्रयोग मात्र कंटाळवाणा होई. नटांचे हावभाव कागदावर हुबेहूब उतरले होते. त्यांचा आवाज कागदावर कसा उतरणार? तो आणण्याचें ओझें बिचाऱ्या दहा वर्षांच्या पोरावर पडलें होतें.

महाराष्ट्रांत हें ओझें पोरावर कधींच टाकलें गेलें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी हें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली. एकेका आख्यानाची एकेक पोथी. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं, म्हणजे पान उलटलें कीं कथा पुढें सरकते. गणपति आणि सरस्वती यांचें स्तवन झालें, कीं कथेकरी एकेक चित्र पाटास टेकवून उभें करी, आणि वाद्याच्या साथीवर गाऊन व बोलून रामायण-महाभारतांतील आख्यान सांगे. साथीदार हुडूक व टाळ सांभाळीत. येथें चित्रांतील पात्रें हालत नाहींत, कापलींहि जात नाहींत. रावणाचे डोळे विस्फारलेले असतात ते तसेच राहतात. क्रोध चढतो तो कथेकऱ्याच्या आवाजांत. नट एकच, आणि त्याचा सारा वेष म्हणजे समोरचें चित्र! या विद्येचें वय लहान नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. पिंगुळीच्या कलावंतांस सावंतवाडीच्या राजांनीं आश्रय दिला होता.

छापखाना आला आणि ही जोडी फुटली. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं मुलांसाठीं ‘आनंद’ मासिक काढलें. त्याचे उपकार मराठी बालकांवर थोर आहेत. परंतु मासिक हें एकट्यानें आणि मुकाट्यानें वाचावयाची वस्तु आहे, हेंहि तितकेंच खरें. इंग्लंडांत फुटलेली जोडी पुन्हा जुळविण्याचा एक उद्योग झाला, तो नभोवाणीच्याच धाकट्या बहिणीकडून. १३ डिसेंबर १९६५ रोजीं बीबीसीनें दूरचित्रवाणीवर ‘जॅकनोरी’ हा कार्यक्रम सुरू केला. एक नट खुर्चींत बसून पुस्तक वाची आणि मधूनमधून चित्रें दाखविलीं जात. पहिला वाचक ली माँटेग्यू. पुढें बर्नार्ड क्रिबिन्स हा शंभराहून अधिक वेळां त्या खुर्चींत बसला. क्वेंटिन ब्लेकसारख्या चित्रकारानें त्यासाठीं चित्रें काढलीं. तो क्रम १९९६ पर्यंत चालला. पिंगुळीच्या एखाद्या वृद्ध कथेकऱ्यानें तो पाहिला असता, तर त्यास नवें असें फारसें कांहीं दिसलें नसतें. फक्त हुडूक कोठें आहे, एवढें त्यानें विचारलें असतें.

आपल्याकडे झालें तें उलट. चित्रें जपलीं गेलीं, आवाज मागें पडला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत चित्रकथीचीं चित्रें आहेत. रंग, रेषा, दागिन्यांची घडण, सारें डोळे भरून पाहावें असें आहे. परंतु कथा चित्रावर लिहिलेली नसते. ती कथेकऱ्याच्या कंठांत असते, आणि कंठ कांचेच्या कपाटांत ठेवतां येत नाहीं. संचांतून निखळलेलें एकटें पान पाहून त्याच्या आधीं काय घडलें आणि नंतर काय घडणार, हें कोण सांगणार? ही हानि रंग उडाल्यापेक्षां मोठी आहे, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळें तिची हळहळहि कमी होते.

वारली चित्रकलेचेंहि असेंच आहे. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनानें ती भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यांतील गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनीं तिला जगांत मान मिळवून दिला. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते वारले. कागदामुळें पाड्यावर चार पैसे आले, पुरुषांच्या हातांत कुंचला आला, आणि यांत वाईट कांहींच नाहीं. मात्र मुंबईच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या चौकापुढें धवलेरी बसत नाहीं.

पिंगुळीस परशुराम गंगावणे यांनीं २००६ सालीं आपल्या गुरांच्या गोठ्यांत ठाकर आदिवासी कला आंगण हें संग्रहालय उभें केलें. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथें चित्रें आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्याहि आहेत. आणि तेथें गेलेल्यास तीं चित्रें नुसतीं दाखवीत नाहींत. घरचींच माणसें हुडूक घेऊन बसतात आणि चित्राची गोष्ट सांगतात.