पानिपतानंतरचें पेशव्यांचें घर

पानिपताचा इतिहास आपण रणांगणावर वाचतों. आज तो शनिवारवाड्याच्या आंत जाऊन पाहूं.

१४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले, आणि २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले. मागें राहिलीं तीं पुत्र व पति गमावलेल्या गोपिकाबाई, सोळा वर्षांचे माधवराव, लहानगे नारायणराव आणि कारभाराची हौस असलेले चुलते राघोबादादा. दुःख सर्वांचें एक, पण अधिकाराची वांटणी कोणासच मान्य नाहीं. अशा घरांत भांडण व्हावयाचेंच. कुटुंबाची प्रकृति पाहावयाची तर भांडणानंतर माणसें एकमेकांसमोर येतात कीं कसें, तें पाहावें असें मला वाटतें.

नोव्हेंबर १७६२ मध्यें चुलत्या-पुतण्यांची लढाई जुंपली. दादांच्या मदतीस निजाम होता. कलह लांबला असता तर नफा त्याचा. हें ओळखून माधवराव आळेगांवीं आपण होऊन चुलत्यांच्या स्वाधीन झाले. मानहानि झाली, पण बोलणें तुटलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १० ऑगस्ट १७६३ रोजीं, राक्षसभुवनीं हेच दोघे निजामाविरुद्ध एका बाजूनें लढले.

माधवराव क्षमेचे पुतळे होते असें मात्र नव्हे. १७६८ सालीं धोडपच्या लढाईनंतर त्यांनीं दादांस वाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. तेंही मला घराच्या हिताचेंच वाटतें. मर्यादा कोठें आहे हें दादांस उघड कळलें, आणि जिवास अपाय झाला नाहीं. १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊरास मृत्यु समोर दिसत असतां त्यांनीं नारायणरावांस दादांच्याच पदरांत घातलें.

नारायणरावांनीं वरवर पाहतां भावाचाच कित्ता गिरविला. १७७३ च्या एप्रिलांत दादा पुन्हां वाड्यांत अटकेंत पडले. पण माधवरावांचें वजन धाकट्याजवळ नव्हतें, आणि गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या होत्या. मध्यें पडावयास वडीलधारें कोणी उरलें नाहीं. पुतण्या एका दालनांत, चुलता दुसऱ्या दालनांत, आणि निरोप नेणारीं माणसें तिसरीं. दादांचा सेवक तुळाजी पवार गारद्यांशीं संधान बांधीत होता. ‘धरावें’चें ‘मारावें’ आनंदीबाईंनीं केलें ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. तिला भक्कम पुरावा नाहीं, आणि सारा दोष घरांतील बाईवर लोटण्याची आपली जुनी खोडही तींत दिसते.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी वाड्यांत शिरले. अठरा वर्षांचे नारायणराव जीव घेऊन धांवत सुटले ते दादांच्याच दालनांत गेले, आणि त्यांच्या गळ्यास मिठी घालून आपणांस वांचवा म्हणून विनवूं लागले.