विळ्यासारखी पेशी : प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत

शिकागो शहरातील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला तो एक तरुण होता. १९०४ च्या अखेरीस खोकला, ताप आणि अशक्तपणा यांनी बेजार होऊन तो इस्पितळात आला, तेव्हा हेरिक यांचे कनिष्ठ सहकारी डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी चकतीसारख्या वाटोळ्या असतात. या तरुणाच्या रक्तात मात्र कित्येक पेशी विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या दिसत होत्या. असे का व्हावे, हे हेरिक यांना सांगता आले नाही. त्यांनी जे दिसले तेवढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. पुढे या विकाराला सिकलसेल हे नाव पडले. सिकल म्हणजे विळा.

प्रयोगशाळेत जन्मलेले ज्ञान गरिबाच्या दारापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, आणि पोहोचताना त्याचे काय होते, हे या एका रोगाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. म्हणून आज हाच विषय मी निवडला आहे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याच्या रेणूतच आहे. रेणूतील बिघाडाने रोग होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्यानंतर केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये त्या बिघाडाचे नेमके स्थान शोधले. हिमोग्लोबिनमध्ये १४६ दुव्यांची एक साखळी असते. तिच्यातील सहावा दुवा तेवढा बदललेला होता. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकावे, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत ती चूक उतरत जावी, तसाच हा प्रकार होय. असे सदोष रेणू प्राणवायू सोडून देताच एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ धागे बनतात आणि पेशी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना उत्पन्न करतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही दहा-वीस दिवसांतच नष्ट होते, आणि रुग्ण नेहमीच रक्तहीन राहतो.

या रोगाचा आपल्या देशाशी असलेला संबंध १९५२ साली उघड झाला. त्या वर्षी लेहमन आणि कटबुश या संशोधकांनी निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात हा दोष दाखवून दिला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांतही तो आढळला. पुढील संशोधनाने हा पट्टा उलगडत गेला. गडचिरोली, मेळघाट आणि नंदुरबारपासून झाबुआ, छोटा उदेपूरपर्यंत, ओडिशा व छत्तीसगडच्या डोंगराळ मुलखात, आदिवासींमध्ये आणि विदर्भातील काही आदिवासीतर समाजांतही हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इंदूर किंवा बडोद्याच्या श्रोत्याला हा रोग दूरचा वाटत असेल, तर झाबुआ आणि छोटा उदेपूर ही त्याच्या शहरापासून काही तासांचीच वाट आहे, हे त्याने ध्यानात घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५७ पर्यंत रोगाचे मूळ कळले होते. मग रुग्णाच्या पदरात काय पडले? बराच काळ जवळजवळ काहीच नाही. लहान मुले जंतुसंसर्गाने दगावतच राहिली. १९८६ साली अमेरिकेतील २१५ बालकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलीनची गोळी दिली होती, उरलेल्यांना औषधाविना साधी गोळी. पेनिसिलीन घेणाऱ्या मुलांत गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले, आणि प्रयोग ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवावा लागला. कारण उरलेल्या मुलांना औषधापासून वंचित ठेवणे अन्यायाचे ठरले असते. श्रोतेहो, पेनिसिलीन हे काही नवे औषध नव्हते. ते १९४० च्या दशकापासून उपलब्ध होते. उणीव होती ती कोणत्या बालकाला ते द्यावयाचे, हे जन्मतःच ओळखण्याची. नवजात अर्भकाच्या टाचेतून काढलेला आणि टीपकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब ती उणीव भरून काढू शकत होता.

दुसऱ्या औषधाची कथाही अशीच आहे. ब्रुकलिनमधील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली एक साधे निरीक्षण नोंदविले होते. या रोगाची अर्भके पहिले काही महिने सुखरूप असतात, कारण गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात शिल्लक असते. ते मोठेपणीही वाढविता आले तर? हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने ते वाढते असे आढळले, आणि १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरील प्रयोगात वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. निरीक्षणापासून औषधापर्यंत सत्तेचाळीस वर्षे गेली.

तथापि ज्ञान दारात आले म्हणजे कल्याण झालेच, असे नाही. हा दोष आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तरच मूल रोगी होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते. त्याचे आयुष्य सर्वसामान्य असते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक खेपेस शक्यता तीच. म्हणून लग्नापूर्वी तपासणी करावी, हा विचार तर्काला धरूनच होता. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी तसे करून पाहण्यात आले. लोकांना तपासले, समजावून सांगितले, वाहकांनी वाहकांशी लग्न टाळावे असा सल्ला दिला. १९७० च्या दशकात त्याचे फलित पाहिले, तेव्हा वाहकांवर कलंक लागला होता, काहींनी आपले वाहक असणे लपवून लग्ने केली होती, आणि दोन वाहकांची लग्ने मात्र कमी झाली नव्हती. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलविषयी कायदा झाला. तेथेही वाहक आणि रोगी यांतील भेद न कळल्यामुळे निरोगी माणसांना नोकरी आणि विमा नाकारले जाऊ लागले. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर १९८१ पर्यंत वाहकांना बंद होते.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीची पहिली पायरी अगदी साधी असते. रक्ताचा थेंब नळीतील द्रावात टाकावयाचा. दोष असेल तर द्राव गढूळ होतो आणि नळीमागे धरलेल्या रेघा दिसेनाशा होतात. परंतु हा गढूळपणा माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे सांगत नाही. त्यासाठी दुसरी, अधिक काटेकोर चाचणी लागते. या दोन चाचण्यांमधल्या काळात पाड्यावर जो शब्द पसरतो, त्यावर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. पत्रिकेतील मंगळाची धास्ती घेणाऱ्या समाजाला तपासणीचे कार्ड म्हणजे नवा मंगळ वाटण्यास कितीसा वेळ लागणार? शिवाय हा दोष एकट्या मुलीचा कधीच नसतो. दोन्ही बाजू तपासल्यावाचून कार्डाला अर्थच नाही.

वाहकत्व हा कलंक का नव्हे, याचे उत्तरही इतिहासातच आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहक मुलांना प्राणघातक हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या रानात ज्यांचे पूर्वज तगून राहिले, त्यांच्याच वंशजांत हा दोष टिकला. ही जगण्याची खूण होय, पापाची नव्हे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने या रोगावरील जनुकोपचारास मान्यता दिली. गर्भावस्थेतील ते हिमोग्लोबिन पुन्हा जागे करण्याची ही युक्ती आहे. म्हणजे वॉटसन यांच्या निरीक्षणाचेच हे फळ. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. त्याचा अभिमान अवश्य वाटावा. पण पाड्यावरील बालकाचे भवितव्य आजही टीपकागदावरच्या थेंबावर, वेळेवर मिळणाऱ्या गोळीवर आणि सावकाश, पुन्हा पुन्हा समजावून सांगणाऱ्या आरोग्यसेविकेवर अवलंबून आहे. तिने दारात बसून प्रथम काय सांगावे? एवढेच सांगावे की, बाई, वाहक म्हणजे आजारी नव्हे. हे वाक्य आधी पोहोचले, तरच नंतर पोहोचणाऱ्या कार्डाचा उपयोग होईल.