स्वभावाला औषध असो वा नसो

स्वभावाला औषध नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. सासूबद्दल म्हणतो, साहेबांबद्दल म्हणतो, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबद्दल तर रोजच. त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. पण हीच म्हण आपल्या संसदेने १९७६ साली जवळपास जशीच्या तशी कायद्यात लिहून ठेवली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

हिंदू विवाह कायदा, कलम १३. घटस्फोटाची कारणं. त्यात 'मानसिक विकार' हे एक कारण आहे आणि त्याच्या खुलाशात एक शब्द बसला आहे: सायकोपॅथिक डिसऑर्डर. त्याची व्याख्या साध्या मराठीत अशी: मनाचा असा टिकून राहिलेला विकार किंवा दोष, ज्यामुळे जोडीदार अस्वाभाविक आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागतो, मग त्याला वैद्यकीय उपचारांची गरज असो वा नसो, उपचारांनी गुण येण्यासारखा असो वा नसो.

'असो वा नसो.' हे शब्द कुठून आले याच्या मागे लागलो, तेव्हा दोनशे वर्षांची गोष्ट हाती लागली. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. जुने कायदे उकरत बसायची खोड आहे, आणि जित्याची खोड... असो. (ही म्हणसुद्धा त्याच कुळातली!)

गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. फिलिप पिनेल हा वेड्यांच्या साखळ्या काढणारा डॉक्टर म्हणून प्रसिद्ध. १८०१ साली त्याने मनाच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एका श्रीमंत घरच्या एकुलत्या एक मुलाची हकिकत आहे. आईने लाडावून ठेवलेला, मनाविरुद्ध झालं की अंगावर धावून जाणारा. एकदा भांडण झालं तेव्हा त्याने एका बाईला उचलून विहिरीत टाकलं. रवानगी झाली बिसेत्रच्या इस्पितळात. पिनेलला पडलेला पेच असा, की या माणसाला भास होत नाहीत, भ्रम नाहीत, हिशेब चोख, बोलणं नीट. मग याला वेडा कसं म्हणायचं? त्याने नाव दिलं 'भ्रमाविना उन्माद'.

हा पेच आजतागायत सुटलेला नाही. बुद्धी शाबूत आहे आणि वागणं मात्र तारेवरचं, तेव्हा हा आजार म्हणायचा की वाईट चाल? १८३५ साली ब्रिस्टलच्या जेम्स प्रिचर्डने त्याला 'नैतिक वेडेपण' म्हटलं. त्या काळच्या इंग्रजीत त्या 'मॉरल' शब्दात भावनाही येत होत्या. पण शब्द एकदा बाहेर पडला की लोक त्याला हवा तो अर्थ चिकटवतात. १८९१ मध्ये जर्मन डॉक्टर कोख याने 'सायकोपॅथिक हीनता' हा शब्दप्रयोग आणला. आजाराचं नावच 'हीनता'! रुग्णाने त्यापुढे काय बोलावं?

नाव वैद्यकाचं आणि निवाडा नीतीचा, असं झालं की मार कुणाला बसतो? इंग्लंडच्या १९१३ च्या मेंटल डेफिशियन्सी ॲक्टकडे बघा. त्यात 'नैतिक जडबुद्धी' असा एक वर्गच होता. शिवाय गरिबांच्या सरकारी मदतीवर जगणारी 'मतिमंद' ठरवलेली बाई लग्नाविना गरोदर राहिली, तर तिला संस्थेत डांबायची सोय होती. बाप कोण, हा प्रश्न कायद्याला पडला नव्हता.

पुढे इंग्रजांनाच याची लाज वाटली. रॉयल कमिशन बसलं आणि १९५९ चा मेंटल हेल्थ ॲक्ट आला. आपल्या कलम १३ मधली व्याख्या मूळची या कायद्यातली. शब्दाला शब्द जुळतो. पण इंग्रजांनी तिला दोन कुंपणं घातली होती. पहिलं असं, की विकार उपचारांची गरज असलेला किंवा उपचारांनी सुधारण्यासारखा हवा. दुसरं असं, की केवळ स्वैर लैंगिक वर्तन किंवा अनैतिक वागणूक एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

आपण व्याख्या घेतली आणि दोन्ही कुंपणं सीमेवरच सोडली. पहिलं तर उलटंच केलं: 'उपचारांनी सुधारण्यासारखा'च्या जागी 'सुधारण्यासारखा असो वा नसो'. इंग्लंडमध्ये ती व्याख्या माणसाला इस्पितळात न्यायला होती, म्हणून उपचाराची अट. आपल्याकडे ती माणसाला घराबाहेर काढायला आली, मग उपचाराशी काय देणंघेणं?

१९७६ च्या दुरुस्तीवर सरसकट टीका करणं अन्यायाचं होईल. आणीबाणीच्या वर्षातली असली तरी तिने चांगल्या गोष्टीही दिल्या. परस्परसंमतीने घटस्फोट त्याच दुरुस्तीतून आला. त्याआधी क्रूरतेच्या कारणावरून फक्त न्यायिक विभक्तता मिळे, घटस्फोट नाही. तोही तेव्हाच मिळू लागला. आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे. नवरा मारतो, बायको छळते, जोडीदार घर उद्ध्वस्त करतो, तर त्यासाठी क्रूरता हे कारण हजर आहे. वागणूक सिद्ध करा आणि सुटका मागा. त्यावर आणखी मनोविकाराचा शिक्का कशाला हवा?

आपल्याच पुण्यातल्या एका जोडप्याचा खटला दुरुस्तीच्या आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकवतात. निकाल लिहिला न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. नवऱ्याने बायकोला वेडसर ठरवायचा प्रयत्न केला होता, तो खालच्या कोर्टातच टिकला नाही. वरपर्यंत पोचला तो क्रूरतेचा प्रश्न. कोर्टाने पत्रं वाचली, कोण काय बोललं, कसं वागलं ते तपासलं. क्रूरता झाली, पण नवऱ्याने पुढे संसार चालू ठेवून ती माफ केली, असं म्हणत त्याचं अपील फेटाळलं. निकाल पटो न पटो, तपासणी वागण्याची झाली.

१९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. स्किझोफ्रेनिया हे नुसतं नाव लावून भागणार नाही. आजार कोणत्या तऱ्हेचा, किती तीव्र, सोबत राहणं खरंच अशक्य आहे का, ते सिद्ध करा. थोडाफार मानसिक विकार एवढ्यावरून लग्नं मोडू लागली तर फार थोडी लग्नं शिल्लक राहतील, अशा अर्थाची टिप्पणीही त्यात आहे. शहाणा निकाल. पण निकाल लागेपर्यंत नोटिशीतला शब्द घरी, माहेरी, ऑफिसात पोचलेला असतो, त्याचं काय?

आता डॉक्टरांकडे वळू, कारण या काळात तिकडे बरंच पाणी वाहून गेलं होतं.

आज ज्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात तो म्हणजे नुसता तिरसट स्वभाव नव्हे. स्वतःकडे आणि दुसऱ्याकडे बघायची माणसाची रीतच इतकी ताठर होते, की नोकरी, मैत्री, लग्न, सगळीकडे तीच गाडी त्याच खड्ड्यात जाते. वर्षानुवर्षं. सुरुवात साधारण पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात. कुणी प्रत्येकावर संशय घेतो, कुणी माणसांपासून पूर्ण तुटतो, कुणी नियमांत आणि नीटनेटकेपणात गुदमरतो. कुणाला जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीने जगणं अशक्य होतं. राग, पोकळपणा, हातावर ब्लेडचे वण. या शेवटच्या प्रकाराला 'बॉर्डरलाइन' म्हणतात. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांवर लेख लिहिला. हे रुग्ण साध्या मनस्तापात बसत नाहीत आणि वेडातही नाहीत, सीमेवर आहेत, म्हणून ते नाव. १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत यादीत ते आलं.

यादीत नाव आल्याने सहानुभूती आली का? १९८८ मध्ये ग्लिन लुईस आणि लुई ॲपलबी या ब्रिटिश डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञांना एका रुग्णाची लेखी हकिकत वाचायला दिली. काहींच्या कागदावर एवढंच जास्त होतं, की याला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं आहे. तेवढ्याने तोच रुग्ण तज्ज्ञांना त्रासदायक, लक्ष वेधणारा, डावपेच खेळणारा, मदतीला कमी पात्र वाटू लागला. लेखाच्या शीर्षकातच होतं: मानसोपचारतज्ज्ञांना नावडणारे रुग्ण. हे निदान नसून निंदा आहे, ते बंदच करा, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांचं हे, तर सासरच्या मंडळींना काय बोलणार?

उत्तर आलं ते एका रुग्णाकडून. मार्शा लाइनहॅन ही अमेरिकन मुलगी १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. स्वतःला कापायची, जाळून घ्यायची. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. गोळ्या, विजेचे झटके, एकांत कोठडी. दोन वर्षांहून जास्त काळ. ती बाहेर पडली, शिकली, मानसशास्त्रज्ञ झाली आणि आपल्यासारख्यांसाठीच एक उपचारपद्धती उभी केली: डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. तिचं मर्म असं, की रुग्णाला एका दमात दोन गोष्टी सांगायच्या. तुझी वेदना खरी आहे, तू तशी का झालीस हे समजतं. आणि तरीही तुला बदलावं लागेल. मग तो बदल आठवड्याला बसून, स्वयंपाक शिकवावा तसा, शिकवायचा: राग आला की पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, नकार कसा द्यायचा, मदत कशी मागायची. १९९१ मध्ये तिच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. वर्षभराच्या उपचारांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग कमी झाले, इस्पितळातले दिवसही. आपण स्वतः रुग्ण होतो हे मात्र तिने जाहीरपणे सांगितलं ते थेट २०११ मध्ये, त्याच हार्टफर्डच्या संस्थेत उभं राहून.

कारणांबाबतही तिची मांडणी मला पटते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की या विकारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा. उरलेल्यात लहानपण येतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड. लाइनहॅन म्हणते, मुळात हळवं पोर आणि त्याच्या भावना सतत खोट्या ठरवणारं घर, हे दोन्ही एकत्र आलं की गाठ बसते. 'काही झालेलं नाही, नाटकं करू नकोस' हे वाक्य आपल्या किती घरांत रोज बोललं जातं, ते आपलं आपण बघावं.

बरं होतं का? बोस्टनजवळच्या मॅक्लिन इस्पितळात मेरी झनारिनी यांच्या चमूने २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं सलग किमान दोन वर्षं ओसरलेली होती. नोकरी आणि नाती दोन्ही नीट सावरणारे मात्र निम्मेच. समाजविघातक म्हणतात त्या प्रकारात उपचारांचा पुरावा अजून तोकडा आहे, तेही सांगायला हवं. आणि या विकारांवर खास अशी गोळी नाही. सोबतच्या नैराश्याला, चिंतेला औषधं देतात. म्हणजे म्हण अर्धी खरी निघाली. औषध नाही, उपचार आहे. तो आठवड्याला तास-दोन तास, वर्षभर आणि प्रशिक्षित माणसाकडूनच व्हायला हवा. मुंबई-पुण्यात पैसे मोजून मिळेल. तालुक्याच्या गावी विचारून बघा. 'देवराई'ने स्किझोफ्रेनिया आणि 'कासव'ने नैराश्य मराठी घरांत नेलं. या रुग्णांच्या वाट्याला अजून 'सायको' हा एकच शब्द आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली नवी यादी तर आणखी पुढे गेली. जुने बहुतेक प्रकार तिने मोडीत काढले. आता आधी विचारतात: त्रास किती, सौम्य, मध्यम की तीव्र? आणि तो कमी-जास्त होऊ शकतो हे गृहीत आहे. इंग्लंडने 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' हा शब्द २००७ च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकला. ज्यांच्याकडून आपण तो आणला, त्यांनी तो टाकून दिला. आपल्याकडे तो जागच्या जागी आहे.

कायदा बदलता येत नाही असं नाही. अपस्मार म्हणजे फिट येणं ही लग्नाच्या अटीतली अडचण १९९९ मध्ये संसदेने काढली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये काढलं, कारण तो बरा होतो हे अखेर दिल्लीत पोचलं. आनंदवन १९४९ चं; म्हणजे सत्तर वर्षं लागली. शिवाय आपल्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ सांगतं, की मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर; समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक मूल्यांशी कुणी जुळत नाही, यावरून नव्हे. इंग्रजांचं दुसरं कुंपण आपण अठ्ठावन्न वर्षांनी घातलं, पण वेगळ्या कायद्यात. कलम १३ चा खुलासा मात्र १९७६ चाच.

कुणाच्या ओळखीत अशी नोटीस आली असेल तर त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम १०५ वकिलाला दाखवा. कोर्टात एका बाजूने मानसिक आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली, तर न्यायालयाने तो मानसिक आरोग्य मंडळाकडे तपासणीसाठी पाठवावा, असं त्यात आहे. आणि ज्याला स्वतःलाच किंवा घरात कुणाला मदत हवी आहे, त्याच्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.