‘इंडेक्स’ ते ‘स्ट्रचर’: अक्षरशोधाच्या फंक्शनचा इतिहास
स्ट्रिंगमधील अक्षर शोधण्यासाठी १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत ‘इंडेक्स’ हे फंक्शन होते. नाव इंडेक्स, पण परत मिळे तो पॉइंटर! क्रमांक हवा असल्यास त्यातून स्ट्रिंगच्या सुरुवातीचा पत्ता वजा करावा लागे. पुढे एटी अँड टीच्या युनिक्समध्ये हेच काम ‘स्ट्रचर’ या नावाने आले. बर्कलेच्या युनिक्सने सुरुवातीला जुनेच नाव ठेवले. परिणामी एकीकडे चालणारा प्रोग्राम दुसरीकडे लिंक होईना. १९८९ च्या अन्सी प्रमाणकाने ‘स्ट्रचर’ स्वीकारले आणि २००८ च्या पॉसिक्समधून ‘इंडेक्स’ वगळले गेले. अक्षर न सापडल्यास नल पॉइंटर मिळतो, हे मात्र बदलले नाही. तो न तपासताच वजाबाकी करणारे विद्यार्थी मला प्रत्येक सत्रात भेटतात.