उपदेश आणि मजुरी

शोषितांना चारित्र्याचा उपदेश करणाऱ्यांकडे मी संशयाने पाहतो. काटकसर करा, दारू सोडा, कर्ज काढू नका, हे बहुधा ज्यांच्या कणग्या भरलेल्या असतात तेच सांगत आलेले आहेत. तरीही चार्ल्स हॅडन स्पर्जन या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'जॉन प्लाउमन्स टॉक' हे १८६९ चे पुस्तक मला सहज बाजूला सारता येत नाही.

स्पर्जन (१८३४-१८९२) हा लंडनचा गाजलेला बॅप्टिस्ट उपदेशक. १८६१ मध्ये उघडलेल्या त्याच्या प्रार्थनामंदिरात हजारो माणसे जमत. या पुस्तकात मात्र त्याने व्यासपीठाची भाषा टाकली आणि जॉन नावाच्या नांगऱ्याच्या तोंडून, म्हणी-वाक्प्रचारांतून तो बोलला. विषय रोजचेच: आळस, चहाडी, दुतोंडेपणा, घरसंसार. उधारीवर लिहिताना त्याने लहानपणी दुकानातून एका फार्दिंगची पाटीवरची पेन्सिल उधार आणल्याची हकिगत सांगितली आहे. वडिलांनी खडसावून ती उधारी तत्काळ फेडायला लावली. पडलेल्या माणसाला लाथ मारण्याच्या जगाच्या रीतीवरही एक प्रकरण आहे.

स्पर्जनची नीती केवळ दुबळ्यांसाठी नव्हती. अमेरिकेतील गुलामगिरीचा त्याने उघड धिक्कार केला, तेव्हा १८६० मध्ये तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत त्याची पुस्तके जाळण्यात आली. स्वतः किंमत मोजणाऱ्याच्या उपदेशाला वजन असते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रश्न येथेच संपत नाही. मजूर कर्जात का बुडतो, याचे उत्तर जॉन मुख्यतः त्याच्या सवयींत शोधतो. मजुरीच पोटाला पुरत नसेल तर काटकसर कशात करायची?

हा प्रश्न दुसऱ्या एका उपदेशकाने कृतीत आणला. जोसेफ आर्च हा वॉरविकशायरचा कुंपण छाटणारा शेतमजूर आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचा हौशी उपदेशक. ७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबोर्न गावात, चेस्टनटच्या झाडाखाली एका स्टुलावर उभा राहून तो मजुरांशी बोलला. त्याच वर्षी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १८७४ पर्यंत सभासदसंख्या ८६ हजारांवर गेली. त्या वर्षी पूर्वेकडील परगण्यांत मालकांनी टाळेबंदी करून तिचे कंबरडे मोडले. तरी १८८४ च्या कायद्याने खेड्यांतील बहुसंख्य मजूर पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला आणि १८८५ मध्ये आर्च संसदेवर निवडून गेला.

आर्चने चारित्र्याची भाषा सोडली नाही. तिला मजुरीच्या मागणीची जोड दिली. चॅपेलमध्ये मजूर वाचायला, चारचौघांत उभे राहून बोलायला, वर्गणीचा हिशेब ठेवायला शिकले होते. हीच शिस्त संघटनेचे भांडवल ठरली. मालकाला शुद्धीवरचा मजूर हवा होता कामासाठी. आर्चला तो हवा होता लढ्यासाठी.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी सदाचाराची भाषा प्रस्थापितांच्या स्वाधीन करू नये, असे माझे मत आहे. मात्र वस्तीत जाऊन दारू सोडा म्हणणाऱ्याने, त्याच सभेत मजुरी किती मिळते हेही विचारले पाहिजे. हे न विचारणारा उपदेश मालकाच्याच पदरात पडतो.